तोंडावर उजेड

सुट्टीला कुठे जायचं यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी आमच्या लग्नातही झाली नव्हती, आणि आमच्या लग्नात माझे वडील दोनदा रुसून बाहेर जाऊन बसले होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी नणंद. मला भाड्याने घरगाडी घ्यायची होती. म्हणजे ती लांबलचक गाडी, जिच्यात पलंग, शेगडी, न्हाणी, टेबल सगळं असतं आणि जी जिथे उभी कराल तिथे घर. नणंदेला तळ्याकाठची लाकडी केबिन हवी होती आणि तिने फोनमध्ये त्या केबिनचे इतके फोटो साठवले होते की तिच्या स्वतःच्या मुलीचेही तेवढे नसतील. माझा नवरा आमच्या मध्ये बसून "दोन्ही चांगलंच आहे" म्हणायचा. अशा माणसाला कधी पंच नेमू नये. नवराही करू नये, पण ती वेळ निघून गेली होती.

भांडण सुट्टीचं असलं तरी मूळ माझ्या सासऱ्यांपाशी होतं. त्यांना मी बाबा म्हणते. काही वर्षांपूर्वी घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून आवाज गेला. श्वास घ्यायला गळ्यापाशी एक छिद्र आहे, त्यावर ते पातळ रुमाल बांधतात. आता त्याच आजाराने खालच्या जबड्यात डोकं वर काढलं होतं. डॉक्टर म्हणाले, जबड्याचा पुढचा भाग, दात आणि ओठाचा मोठा तुकडा काढावा लागेल. ते केलं तर माणूस बरीच वर्षं जगेल, नाही केलं तर फार आशा धरू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याआधी बाबांना चार दिवस मोकळ्या हवेत न्यायचं, यावर मात्र आमचं सगळ्यांचं एकमत होतं.

गोष्ट सांगणारे लोक काही गोष्टी शेवटपर्यंत मुठीत ठेवतात. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते. बाबांनी ऑपरेशनला नाही म्हटलं होतं. डॉक्टरांसमोर मान हलवून हो म्हणाले आणि घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, मी जाणार नाही. आम्हा कुणाला याचा पत्ता नव्हता. सासूबाईंना एकटीला माहीत होतं, आणि तारखेच्या आत त्यांना बाबांचं मन वळवायचं होतं. आवाज नसलेल्या माणसाने सांगितलं म्हणजे कसं सांगितलं, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी आधी आमच्या सासूबाई कळायला हव्यात.

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंनी उभं आयुष्य कापडगिरणीत काढलं, त्यातलं बरंचसं मागांच्या खात्यात. शेकडो माग एकाच शेडमध्ये धडधडत असतात तेव्हा शेजारच्याने कानात किंचाळलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज वापरतच नसत. ओठ मोठे हलवायचे, शब्द ताणायचा, आणि समोरच्याने तो बघायचा. दिवसभर असं बोलणं चाले. या रांगेतून त्या रांगेत सासवांची उणीदुणी निघत, लग्नं जुळत, मोडत, भाजीत काय घालायचं ते ठरे, आणि नव्या मुकादमाच्या डोळ्यांदेखत त्याची नक्कलही होई. त्याला एवढंच दिसे की सगळ्या बाया हसतायत. बाबा त्याच गिरणीत माग दुरुस्त करत. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण आईंची सवय काही सुटली नाही.

आई कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, तोंडाकडे बघतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माझ्या दातांना काही लागलंय. फोनचा त्यांना राग आहे, कारण त्यात तोंड दिसत नाही. एकदा बसमध्ये बसलो असताना त्या म्हणाल्या, "त्या पिवळ्या कोटवालीचा मुलगा नापास झालाय आणि ती नवऱ्यापासून लपवणार आहे." पिवळा कोट रस्त्याच्या पलीकडे, बंद काचेच्या दुकानात होता. मी हसले. सुनेच्या अंगात सुरुवातीला जे वारं असतं ते माझ्याही अंगात होतं.

ते वारं स्वयंपाकघरात उतरलं. एक दिवस आई जेवताना म्हणाल्या की आमटी अळणी झालीय. मी ओट्याकडे वळून, त्यांच्याकडे पाठ करून, अगदी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "मीठ कमी नाहीये, यांना खोड काढायचीच असते." आवाजसुद्धा काढला नव्हता. मागून शांतपणे उत्तर आलं, "मीठ कमीच आहे. आणि खोड काढायची असती तर भाताचीपण काढली असती." ओट्यावरच्या कपाटाला काचेची दारं होती. त्यात माझं तोंड आरशासारखं दिसत होतं. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला, या घरात कुरकुरायचं तर डोक्यावर पांघरूण घेऊन.

बाबांचा आवाज गेला तेव्हा आम्ही त्यांना लिहायला पाटी आणली, मग टाइप केलेलं बोलून दाखवणारं यंत्र आणलं. दोन्ही त्यांनी खणात ठेवून दिलं. त्यांना काही हवं असलं की ओठ हलवायचे आणि आई आम्हाला सांगायच्या, "चहा म्हणतात." "पंखा बंद कर म्हणतात." एरवी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले, आई समोर वाटाणे सोलत. खोलीतून जाता-येता मला वाईट वाटायचं. केवढा बोलका माणूस आणि आता सगळं बोलणं चहा-पंख्यावर आलं. दोघं बिचारी गप्प बसून असतात, असं मी बहिणीला सांगायचेसुद्धा.

तर सुट्टीचं भांडण. नणंदेचं म्हणणं, केबिनला दोन खोल्या आहेत, एकीला आतून कडी आहे, आईबाबांना एकांत मिळेल. खोलीत शेकोटी आहे. शांतता इतकी आहे की पान पडलेलं ऐकू येतं. माझं म्हणणं, आजारी माणसाला पान पडलेलं ऐकायचं नसतं, न्हाणी जवळ हवी असते. घरगाडीत न्हाणी दोन पावलांवर, औषधं थंड ठेवायची सोय, आणि बाबांना बरं वाटलं नाही तर आवराआवर न करता गाडी सरळ दवाखान्याच्या दिशेने वळवता येते. यावर नणंद म्हणाली, "तुला स्वतःला हिंडायचंय." हे खरं होतं, म्हणून मला फारच राग आला.

शेवटी नवरा म्हणाला, आईला विचारू. आईंनी पदार्थ चाखावा तसा प्रश्न तोंडात घोळवला आणि नणंदेकडून फोन घेतला.

"खिडकी कुठे आहे?"

"ही काय, आई! केवढी मोठी आहे बघ. बाकावर बसलं की पाठीमागे अख्खं तळं."

"पाठीमागे?"

"हो ना. पाठ टेकायची आणि निवांत बसायचं."

"आणि अंधार पडला की?"

"कंदील! तिथे वीज नाहीये, सगळे कंदील. किती छान ना?"

"छान आहे," आई म्हणाल्या. मी विणलेला पहिला स्वेटर बघूनही त्या याच आवाजात छान म्हणाल्या होत्या. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या, आणि काचेचं कपाट जवळपास नाही ना, ते बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे घरगाडी बघायला गेलो. गावाबाहेर जाळीचं कुंपण घातलेलं मोठं आवार, त्यात रांगेने उभ्या पांढऱ्या गाड्या. मालक गोल, हसरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलायला लागला की थांबेना. पाण्याची टाकी इथे, सांडपाण्याची इथे, हा पलंग असा उघडतो, हे छप्पर असं बाहेर येतं. आम्ही तिघं त्याच्यामागून माना डोलवत हिंडत होतो. आई बाबांना घेऊन सरळ आत चढल्या.

आत दोन बाकं होती समोरासमोर आणि मध्ये टेबल. आईंनी बाबांना एका बाकावर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. मग उठून बाजूच्या खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला. परत बसल्या. मग बाबांना इकडे आणलं, स्वतः तिकडे गेल्या. टेबलाच्या बरोबर वर छताला काचेचं झाकण होतं, त्यातून दिवसाचा उजेड खाली सांडत होता. आई मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग टेबलावरचा दिवा लावून बघितला, विझवला, पुन्हा लावला. पलंग कसा आहे, न्हाणी केवढी आहे, शेगडी पेटते का, काही विचारलं नाही. बाहेरून समोरच्या काचेतून आम्हाला दिसत होतं की आई टेबलाशी बसून नुसतेच ओठ हलवतायत.

मालकाने माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाई ठीक आहेत ना?"

आतून आईंचा खणखणीत आवाज आला, "बाई ठीक आहेत. तुमच्या गाडीचा मागचा डावा दिवा फुटलाय, तो आधी बदला."

मालक दचकून दोन पावलं मागे सरकला. आई पायरी उतरल्या आणि म्हणाल्या, "हीच घ्यायची."

मी जिंकले! मी त्या संध्याकाळी माझ्या बहिणीला, माहेरच्या आईला आणि शेजारणीला हे वेगवेगळं सांगितलं. नणंदेचं तोंड उतरलं होतं. ती म्हणाली, "आई, अगं पण त्या डब्यात सगळे एकमेकांच्या मांडीवर बसणार. तुला आणि बाबांना दोन शब्द बोलायचे म्हटले तर आडोसा नाही."

"आम्हाला कसला गं आडोसा लागतोय," आई म्हणाल्या.

मला वाटलं, म्हातारपणी एकांत कशाला, असं त्यांना म्हणायचंय. आपलंच खरं वाटायला लागलं की माणसाला दुसऱ्याच्या बोलण्याचा सोयीचा अर्थ लागतो.

निघालो. नवरा गाडी चालवत होता आणि वळणावर मागचा भाग कुठे आहे हे विसरत होता. त्यामुळे एका कुंपणाचा खांब आणि एका माणसाची सायकल थोडक्यात वाचली. दुपार कलताना आम्ही तळ्याकाठी पोचलो. मोकळी हिरवी जमीन, कडेने उंच झाडं, पाणी इतकं स्वच्छ की काठाजवळचे दगड मोजून घ्यावेत. नणंद खाली उतरली आणि पाण्याच्या काठापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, "बरंय." तिच्याकडून एवढं मिळालं तरी मला खूप होतं.

जेवायला आत टेबलाशी दाटीवाटीने बसलो. मी आणि नणंद एकीकडे, दोघींच्या कडेला आई. समोर नवरा आणि बाबा. बाहेरचं कापडी छप्पर उघडं ठेवायचं की रात्री वाऱ्याने फाटेल, यावर मी आणि नणंद भांडत होतो. नवरा उकडलेल्या बटाट्यांची सालं काढत "दोन्ही बरोबर आहे" म्हणत होता. मी मिठाची बाटली घ्यायला मान वळवली, आणि माझी नजर बाबांच्या तोंडावर गेली.

ओठ हलत होते. चहा-पंख्याएवढे नाहीत. भरभर, अखंड, मध्ये श्वासाला जागा न सोडता. मी आईंकडे पाहिलं. त्यांचेही ओठ हलत होते. आवाज होता ज्यांना, त्या आईसुद्धा आवाज न काढता बोलत होत्या! मी त्यांना बाबांना उत्तर देताना नेहमी मोठ्याने ऐकलं होतं, "अहो, आणते चहा." हे वेगळंच काहीतरी होतं. दोघांच्या भुवया चढल्या होत्या. आईंच्या मानेची शीर तटतटली होती. त्यांनी टेबलावर हाताचा पंजा दाबून धरला होता, जोरात आपटता येत नव्हता म्हणून.

मग बाबांनी तोंड फिरवलं, खिडकीकडे. आणि ते करताना त्यांचा चेहरा असा झाला की मला एकदम कळलं, या भाषेत तोंड फिरवणं म्हणजे दार धाडकन लावून घेणं. पुढे ऐकायचंच नाही. आई टेबलावरून वाकल्या, एका बोटाने त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा पुन्हा आपल्याकडे वळवला. दार उघडलं, भांडण पुढे सुरू.

"मीठ दे ना गं," नणंद मला म्हणाली.

आमच्या मध्ये बसून, आमच्या कोपराला कोपर लावून, ही दोन माणसं कडाकडा भांडत होती आणि आम्ही एकमेकांना मीठ देत होतो. त्यांना आडोसा खरंच नको होता. जगातल्या कुठल्याही खोलीला नसेल एवढी जाड भिंत त्यांच्याभोवती होती आणि ती बरोबर घेऊन ते कुठेही बसू शकत होते. त्यांना समोरासमोर दोन जागा आणि तोंडावर उजेड, एवढंच हवं होतं. केबिनमध्ये पाठीमागची खिडकी बाबांचा चेहरा काळा करणार होती आणि संध्याकाळी कंदिलात अर्धे शब्द बुडणार होते. आईंनी माझी बाजू घेतलीच नव्हती. माझी न्हाणी, माझी औषधं, सगळं फुकट गेलं होतं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीतली ती सगळी वर्षं मला आठवली, समोर वाटाणे सोलणाऱ्या आई, आणि मी बहिणीला सांगत होते की बिचारी गप्प बसून असतात.

भांडी घासताना मी नवऱ्याला म्हटलं, "आईबाबांचं काहीतरी चाललंय."

"पंखा लाव म्हणत असतील."

"या गाडीत पंखा नाहीये."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणूनच असेल."

सकाळी उठले तेव्हा बाबा गाडीत नव्हते. आईही नव्हत्या. मी शाल घेऊन शोधायला निघाले. तळ्याला जिथे ओढा येऊन मिळतो तिथे खडकांवरून पाणी जोरात उतरत होतं आणि त्याचा आवाज असा की स्वतःच्या चपलांचाही ऐकू येईना. बाबा लाकडी साकव ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन उभे होते, आमच्याकडे पाठ करून. आई अलीकडे. दोघांच्या मध्ये एका रुंद रस्त्याएवढं पाणी. आई साकवाकडे गेल्या नाहीत. बाबा वळायची वाट बघत उभ्या राहिल्या.

बाबा वळले. सूर्य आमच्या मागून वर येत होता, त्याचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला. आईंच्या लगेच लक्षात आलं की आपलं तोंड सावलीत आहे. त्या काठाने बाजूला सरकत गेल्या, एका दगडावरून दुसऱ्यावर, चेहरा इकडे-तिकडे वळवत, गालाला ऊन लागेपर्यंत. मग थांबल्या. मी धावत जाऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

पलीकडे बाबांचे ओठ हलायला लागले. मी आईंच्या कानाशी ओरडले, "आई, काय चाललंय? काय म्हणतायत बाबा?"

मला वाटलं, आई पंखा म्हणतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना नजर हलवायची नव्हती. पण माझं मनगट धरलं, मला जवळ ओढलं आणि त्या ओढ्याच्या वरताण आवाजात बोलायला लागल्या. बाबा बोलत होते, आणि आई त्यांचेच शब्द जसेच्या तसे माझ्या कानात घालत होत्या.

"मी जाणार नाही ऑपरेशनला. तुला सांगितलंय. आवाज गेला तेव्हा मी रडलो का? नाही रडलो. पोरांशी बोलणं सुटलं, दोस्तांशी सुटलं, सुटू दे म्हटलं. तू होतीस. तुझ्याशी एक शब्दसुद्धा कमी झाला नाही. आता ओठ नेणार. मग मी तुझ्यासमोर बसणार आणि तू मला विचारणार, चहा हवा का, आणि मी मान हलवणार. बैलासारखी. तसली दहा वर्षं मला नको. बोलता बोलता एक वर्ष मिळालं तरी पुष्कळ आहे."

हे सगळं आईंनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं. आवाज एकदाही कापला नाही. जे वाक्य त्यांना आतून चिरत असेल तेसुद्धा त्यांनी पूर्ण म्हटलं, एक शब्द गाळला नाही, सौम्य केला नाही. मी ओक्साबोक्शी रडत होते आणि त्यांचं लक्ष पलीकडे होतं, पुढचा शब्द निसटू नये म्हणून. इतकं लक्ष देऊन मला जन्मात कुणी ऐकलं नाहीये आणि मीही कुणाला ऐकलेलं नाही.

मग आईंचे ओठ हलायला लागले. त्या बराच वेळ बोलल्या. आता मला कोण सांगणार? मी त्यांचं मनगट हलवलं.

"काय म्हटलंत?"

"म्हटलं, अरे गाढवा," आई म्हणाल्या.

घरात त्या बाबांना अहो-जाहो करतात. चहा घ्या, औषध घ्या, बसा. मी आल्यापासून त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"मागांच्या मध्ये उभं राहून कोण अहो-जाहो करतंय," त्या नजर न हलवता म्हणाल्या. "तिथे तूच. म्हटलं, अरे गाढवा, मागांवर जायच्या आधी आपण कुठे होतो ते विसरलास का? कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे सगळीकडे कापसाचा भुगा उडायचा. कामावर आलं की तोंडाला आणि नाकाला फडकं, ते पाळी सुटेपर्यंत. ओठ कुणाचे दिसत होते तिथे? डोळे, भुवया, खांदे, बोटं. एवढ्यावर तू मला लग्नाचं विचारलंस. एवढ्यावर मी हो म्हटलं. तोपर्यंत तुझं तोंड पाहिलंसुद्धा नव्हतं मी. तुझे पुढचे दात पुढे आहेत ते मला गिरणीच्या फाटकाबाहेर कळलं, आणि तेव्हा उशीर झाला होता."

पलीकडे बाबांनी शेवटच्या शब्दापर्यंत सगळं पाहिलं होतं. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची त्रिकोणी घडी घातली आणि नाकापासून हनुवटीपर्यंत तोंडावर घट्ट बांधला. श्वास त्यांचा गळ्याच्या छिद्रातून चालतो, त्यामुळे त्यांना काही अडचण नव्हती. आता नुसते डोळे दिसत होते.

ते आईंची परीक्षा घेत होते, इतक्या वर्षांनंतर, इतक्या अंतरावरून. ओळखलं नाही तर सगळं संपलं. बाबा टॉवेल सोडतील, वळतील, आणि तारखेच्या दिवशी घरी बसून राहतील.

बाबांच्या भुवया वर गेल्या, एक खाली आली. त्यांनी टॉवेलवरून, दात असतील तिथे, बोट टेकवलं. मग दोन्ही हातांची बोटं कानांकडे नेली आणि छातीवर आणली. मग चिमटीने काहीतरी उपटून पाण्यात भिरकावलं. आणि मग मान तिरकी करून, डोळे बारीक करून, खांदे उडवून आईंकडे पाहत राहिले.

आई पुढे वाकल्या. पायाखालच्या दगडावर त्यांचा तोल जाईल म्हणून मी त्यांना कमरेशी धरलं. ओढा धो धो वाहत होता. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी बाबांकडे पाहिलं, तर तेही जागचे हलले नव्हते. त्यांना पुन्हा सांगायचं नव्हतं. एकदाच.

मग माझ्या हाताखाली आईंचं पोट गदगदायला लागलं. त्या रडतायत, असं वाटून मी वर पाहिलं. त्या हसत होत्या.

"काय? आई, काय म्हणाले?"

"म्हणतोय, ते पुढचे दात डॉक्टर उपटून फेकणारच आहे, आता तरी सुखी हो."

मी बाबांकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर, तोंडाला टॉवेल बांधून, ते खांदे हलवत हसत होते. आईंनी हात उंच करून त्यांना साकवाकडे बोट दाखवलं, आणि बाबा टॉवेल न सोडता निघाले. आईंनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांची बोटं उमटली होती.

"चल," त्या म्हणाल्या, "ते मक्याचे दाणे भाजायला घेऊ, आणि टणक सफरचंदं आणलीत ना, तीपण काढ. तारखेच्या आत जेवढं चावून खाता येईल तेवढं खाऊन घेऊ दे त्याला."